निलगिरीचा आदिवासी पट्टा: सहा दिवसांचा मार्ग, पास, घाट आणि शिष्टाचार

घाटमाथा

ऊटीवर धागे भरपूर आहेत आणि बहुतेकांत चॉकलेट, बोटिंग आणि बागा याच गोष्टी येतात. हा धागा त्यासाठी नाही. तामिळनाडूत केंद्र सरकारने 'विशेष असुरक्षित' म्हणून नोंदलेल्या सहा आदिवासी जमाती आहेत: तोडा, कोटा, कुरुंबा, इरुळा, पणिया आणि काट्टुनायकन. या सहाही एकट्या निलगिरी जिल्ह्यात सापडतात. तरी ऊटीच्या टॅक्सीवाल्याच्या यादीत 'ट्रायबल व्हिलेज' म्हणून जे असतं ते एका झोपडीसमोर दहा मिनिटं थांबणं एवढंच. त्यापेक्षा बरा मार्ग कसा आखायचा ते इथे मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

आधी भूगोल, कारण तो कळला की मार्ग आपोआप सुचतो. वरचं पठार म्हणजे ऊटी (२२४० मी.) आणि आसपासची कुरणं. हा तोडांचा भाग. पूर्वेची कड म्हणजे कुन्नूर आणि कोटगिरी. कोटगिरी १८०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. तिथून खाली उतरणाऱ्या उतारांवर कुरुंबा आणि इरुळा पाडे आहेत. कोटांची मोजकी सात गावं पठारभर विखुरलेली आहेत. पश्चिमेला घाट उतरलात की गुडलूर (सुमारे १००० मी.), केरळच्या वायनाडला लागून. पणिया आणि काट्टुनायकन मुख्यतः इकडे. उत्तरेला पायथ्याशी मसिनगुडी आणि मुदुमलैचं जंगल.

मार्ग असा:

दिवस १: कोइंबतूर – मेट्टुपाळयम – कुन्नूर (डोंगरी रेल्वेच्या छोट्या गाडीने) – कोटगिरी (बसने, तासभर).
दिवस २: कोटगिरी, लाँगवूड शोला (शोला म्हणजे इथलं डोंगरी सदाहरित जंगल), कोडनाड.
दिवस ३: कील कोटगिरीकडे करिक्कैयूर.
दिवस ४: ऊटी, मुत्तोरै पालडाचं संग्रहालय.
दिवस ५: पायकारा – गुडलूर – तेप्पकाडू – मसिनगुडी.
दिवस ६: बंदीपूरमार्गे मैसूर.

ऊटीला एकच मुक्काम ठेवला आहे. तक्रार असेल तर करा, पण कोटगिरीचे तीन मुक्काम कापू नका. हॉटेलं स्वस्त, गर्दी कमी आणि या विषयातलं बघण्यासारखं निम्मं तिथेच आहे.

पोहोचायला लोकमान्य टिळक टर्मिनसहून कोइंबतूर एक्स्प्रेस आहे, पुणे-सोलापूर-बेंगळुरूमार्गे. दीड दिवस जातो. मुंबईहून विमानाने जायचं तर दुपारी किंवा संध्याकाळी कोइंबतूरला उतरून रात्री मेट्टुपाळयमलाच मुक्काम करा. कारण पुढची गाडी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुटते.

रूळपाहणी

गाडीबद्दल थोडं सविस्तर, कारण गोंधळ इथेच होतो.

मेट्टुपाळयम ते ऊटी ४६ किमी. आरक्षण नेहमीच्या आयआरसीटीसीवर होते, पण शोधताना 'ऊटी' टाकून चालत नाही, उदगमंडलम टाका. कोड यूएएम. मेट्टुपाळयमचा एमटीपी, कुन्नूरचा ओएनआर. आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि एप्रिल-मेच्या तारखा लगेच संपतात.

पूर्ण ऊटीपर्यंतचे तिकीट नाही मिळाले तर हळहळू नका. खरी करामत मेट्टुपाळयम ते कुन्नूर या टप्प्यातच आहे. कल्लार ते कुन्नूर चढ १२.५ मीटरला १ मीटर इतका आहे. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत, इंजिनाचे दातेरी चाक त्यात अडकत वर चढते. माथेरानच्या गाडीला असे दाते नाहीत, तिथला चढ सौम्य आहे आणि तो वळणे घेत काढला आहे. या टप्प्यात वाफेचे इंजिन असते आणि चढताना ते मागून ढकलते. म्हणून पुढच्या डब्यातून रूळ मोकळा दिसतो. कुन्नूरला इंजिन बदलून डिझेलचे लागते, तिथून ऊटीपर्यंत दाते नाहीत. कुन्नूर-ऊटी दरम्यान दिवसातून जास्त गाड्या आहेत, तेवढाच तुकडा वेगळा करता येतो.

घाटमाथा यांच्या मार्गात कुन्नूरलाच उतरायचे आहे, त्यामुळे तिकीट कुन्नूरपर्यंतचेच काढा. ऊटीपर्यंतचे काढून मध्ये उतरणे म्हणजे कुणाची तरी जागा वाया घालवणे.

काय बिघडते: ऑक्टोबर ते डिसेंबर पावसात कल्लार-हिलग्रोव्ह भागात दरड येते आणि सेवा काही दिवस, कधी काही आठवडे बंद पडते. रेल्वेने गाडी रद्द केली तर पैसे पूर्ण परत मिळतात, पण त्या दिवसाची पर्यायी सोय हाताशी हवी. मेट्टुपाळयम बसस्थानकातून कोटगिरीच्या थेट बस आहेत, ३३ किमी, दीड तास धरा. सामान बेताचे ठेवा, डब्यात मोठ्या बॅगांना जागा नाही.

चढताना ऊटीपर्यंत जवळपास पाच तास, उतरताना साडेतीन.

चाकोरीबाहेर

छान धागा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण जाणार आहोत, भाड्याची गाडी कोइंबतूरहून. ई-पास नक्की कोणाला लागतो? आणि तोडांच्या गावात जाऊन राहण्याची सोय आहे का? मुलांना खरं आदिवासी जीवन दाखवायचं आहे.

घाटमाथा

ई-पास आधी. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून निलगिरीत येणाऱ्या बाहेरच्या वाहनांना तो लागतो. epass म्हणून तामिळनाडू सरकारचं पोर्टल आहे, फी नाही. मोबाईलवर ओटीपी येतो, मग गाडीचा क्रमांक, प्रकार, इंधन, माणसं किती, येण्याची-जाण्याची तारीख आणि मुक्कामाचा पत्ता भरायचा. क्यूआर कोड मिळतो, तो नाक्यावर दाखवायचा.

पास वाहनाचा आहे, माणसाचा नाही. सरकारी बसने किंवा रेल्वेने गेलात तर काहीच लागत नाही. टीएन ४३ पासिंगच्या स्थानिक गाड्यांनाही नाही. अडचण होते ती अशी:

टॅक्सीवाला आदल्या रात्री गाडी बदलतो आणि पास जुन्या क्रमांकावर राहतो. नाक्यावर नव्याने काढावा लागतो, तोही रेंज असेल तर. म्हणून पास चालकालाच काढायला सांगा आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा.

मैसूरहून परतीसाठी गाडी मागवलीत तर तीही कर्नाटक सीमेवरच्या कक्कनळ्ळा नाक्यावरून निलगिरीत शिरते, तिलाही वेगळा पास लागतो. हे हमखास विसरलं जातं.

२०२५ च्या उन्हाळ्यात न्यायालयाने रोजची मर्यादा घातली होती: आठवड्याच्या दिवशी ६००० वाहनं, शनिवार-रविवारी ८०००. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही गर्दी असते. जायचं ठरलं की लगेच काढून ठेवा.

प्लास्टिकवर बंदी आहे आणि ती कागदावरची नाही. नाक्यावर गाडीत पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या दिसल्या की काढून घेतात, दंडही होतो. स्टीलच्या बाटल्या घ्या. रस्त्यात ठिकठिकाणी पाण्याचे एटीएम आहेत, त्यासाठी सुटी नाणी ठेवा. वेफर्सची पुडकी, थर्माकोलच्या प्लेट, पातळ पिशव्या घरीच सोडा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणी द्यावं, माझ्याकडून जरा तिखट जाईल.

सुईदोरा

मी देते, तिखट न करता.

तोडांच्या वस्तीला मंड म्हणतात. एका मंडात मोजकी घरं असतात, पाच-दहा. ते कुणाचं तरी अंगण आहे. राहण्याची सोय वगैरे शोधू नका. 'खरं जीवन' म्हणून जी अर्धगोल कमानीची झोपडी फोटोत दिसते, तशा घरात आता फार थोडे राहतात. बहुतेकांची घरं साधी सिमेंटची आहेत. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर तिथे जाऊन 'हे कुठे आदिवासी वाटतात' असं मोठ्याने विचारलं जातं.

ती झोपडी बघायचीच असेल तर ऊटीच्या सरकारी वनस्पती उद्यानात वरच्या टोकाला चढून जा. तिथे तोडा मंड आहे, सगळ्यात सोपं. रचना नीट बघा: वाकवलेल्या बांबूच्या कमानी, त्यावर वेताच्या बांधणीने घट्ट बसवलेलं गवत, पुढची भिंत दगडाची किंवा फळ्यांची, दार जेमतेम तीन फूट. आत सरपटत जावं लागतं. थंडी आणि जनावरं दोन्ही बाहेर राहावीत म्हणून. छपराचं गवत दलदलीच्या कुरणांतून येतं आणि ती कुरणं चहा, युकॅलिप्टस-वॅटल या झाडांची लागवड आणि भाजीची शेतं यांनी खाल्ली. जुन्या पद्धतीचं छप्पर शाकारणं आज अवघड का झालं, त्याचं मोठं कारण हे.

देवळांबद्दल काटेकोर राहा. तोडांचं देऊळ म्हणजे पवित्र म्हशींची दूधशाळा. तिथला पुजारीच आत जातो. बाहेरच्यांनी भोवतालच्या दगडी कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, बायकांनी जवळही नाही. पटो न पटो, वाद घालायची जागा ती नाही. मुत्तनाडु मंडात उंच शंकूसारख्या छपराचं देऊळ आहे, ते लांबूनच बघायचं. डिसेंबरअखेर-जानेवारीच्या सुमारास तिथे मोदवेथ हा उत्सव होतो, वेगवेगळ्या मंडांतले पुरुष जमून नाचतात आणि जड गोल दगड खांद्यावर उचलतात. तुमची तारीख जुळू शकेल. जमलेल्यांनी बघू दिलं तर कडेला उभं राहून बघा. ड्रोन उडवू नका.

म्हशींच्या जवळ जाऊ नका. तोडा म्हैस ही स्वतंत्र नोंदलेली जात आहे, शिंगं रुंद आणि स्वभाव आपल्या गोठ्यातल्या म्हशीसारखा नाही. अनोळखी माणसावर धावून येते.

फोटोसाठी: 'फोटो एडुक्कलामा?' एवढं विचारा. 'वेंडाम' ऐकू आलं की विषय संपला. मुलांच्या हातात पैसे किंवा चॉकलेट ठेवू नका. ज्यांच्याकडून काही विकत घ्याल त्यांच्याशी बोलणं आपोआप होतं.

चाकोरीबाहेर

मुद्दा कळला, धन्यवाद. मग विकत घ्यायचं तर काय, आणि खरं-खोटं कसं ओळखायचं?

सुईदोरा

तोडा भरतकाम. त्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं.

कापड ते स्वतः विणत नाहीत. पांढरट, जाड, सुट्या विणीचं सुती कापड बाहेरून येतं, त्याला ठरावीक अंतरावर लाल-काळे पट्टे असतात. त्या पट्ट्यांच्या आधाराने लाल आणि काळ्या धाग्यांनी भरतात. चौकट नाही, छापलेला आराखडा नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून सुई घालायची. म्हणून सगळे नमुने भौमितिक असतात, गोल फूल-पानं निघतच नाहीत. काम कापडाच्या उलट बाजूने करतात आणि भरताचा उठाव इतका दाट असतो की लांबून ते विणलेलंच वाटतं.

हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. बोट फिरवलं की टाके उठलेले लागले पाहिजेत, आणि टाका भरताना सोडलेले बारीक फासे दिसले पाहिजेत. यंत्राच्या कामात ते एकसारखे सपाट असतात. उलटी बाजू बघा: यंत्राच्या कामाला मागे कागदी अस्तर किंवा पांढऱ्या बॉबिन-धाग्याची जाळी असते, तोडा भरत दोन्हीकडून वापरता येतं. आणि नमुना कापडाच्या पट्ट्यावर बरोबर बसलेला असतो. छापील नक्कल पट्ट्याची पर्वा करत नाही, मध्येच तिरकी जाते.

पूर्ण शाल, पुतुकुळी, भरायला आठवडे लागतात. ती काही हजारांतच मिळणार. पाचशे रुपयांत 'तोडा शाल' कुणी दिली तर ती कुठल्या तरी गिरणीतली समजा. बजेट कमी असेल तर बटवा, मोबाईलची पिशवी, टेबलावरची पट्टी घ्या. धुताना गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. हल्ली लोकरीऐवजी अ‍ॅक्रिलिक धागा सर्रास असतो, तो रंग सोडत नाही, पण गरम इस्त्रीने चपटा होतो. इस्त्री उलटून, मध्ये कापड ठेवून.

कोटगिरीत कीस्टोन फाउंडेशन ही १९९३ पासून काम करणारी संस्था आहे. त्यांच्याशी जोडलेल्या लास्ट फॉरेस्टच्या दुकानात भरतकाम, कुरुंबांची चित्रं, मध, मेण हे सगळं मिळतं. ऊटीच्या चौकातल्या दुकानांपेक्षा घासाघीस कमी आणि वस्तू कुठून आली हे सांगतात.

कडेकपारी

मधाचा विषय निघालाच आहे तर.

कुरुंबा लोक कड्यांवरचा मध काढतात, आग्या माशीचा. वेलींच्या शिड्या कड्यावरून खाली सोडून, रात्री, धूर देऊन. हंगाम मुख्यतः एप्रिल ते जून. 'मध काढताना दाखवतो' म्हणून कुणी पॅकेज विकत असेल तर घेऊ नका. हे जोखमीचं काम आहे आणि त्याच्या आधीचे-नंतरचे विधी असतात. प्रेक्षक कड्याच्या टोकाला उभे राहिले तर चवताळलेलं मोहोळ आधी त्यांच्यावर येणार.

विकत घेताना: कड्यावरच्या मधात पाण्याचा अंश जास्त असतो, त्यामुळे तो पातळ असतो आणि लवकर आंबतो. बरणी उघडल्यावर फेस आला म्हणून भेसळ समजू नका. फ्रीजची गरज नाही, पण झाकण घट्ट आणि चमचा कोरडा. जांभळाच्या फुलोऱ्याचा मध कडसर असतो, तो वेगळा मागा. विमानात हातातल्या सामानात मध नेता येत नाही, चेक-इनमध्ये टाका.

जंगलातलं हे संकलन २००६ च्या वनहक्क कायद्यात येतं, ज्या कायद्याने आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला बांबूचा हक्क दिला तोच.

आता तिसऱ्या दिवसाबद्दल. करिक्कैयूरला मूळ धाग्यात एका ओळीत उरकलंय, ते बरोबर नाही. कील कोटगिरीच्या पलीकडे हा इरुळा पाड्यांचा भाग आहे आणि वर पोरिवरै इथे शैलचित्रं आहेत, तामिळनाडूतल्या सगळ्यात मोठ्या शैलचित्रस्थळांपैकी एक. गुरं, माणसं, शिकार असे पांढऱ्या-लाल रंगातले पुष्कळ थर. याआधी आलेल्या पर्यटकांनी त्यावर नावं कोरलीत, चित्रांना ओरखडे पाडलेत. त्यामुळे तिथे आपल्या मनाने जायचं नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे आणि गावातला कुणी 'मी नेतो' म्हणाला तरी पकडल्यावर दंड दोघांना.

कायदेशीर वाट अशी: तामिळनाडू वन खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ट्रेक तमिळनाडू' नावाची योजना सुरू केली. राज्यभर ४० वाटा, ऑनलाइन आरक्षण, प्रशिक्षित स्थानिक वाटाड्या सक्तीचा. वाटाड्यांत आदिवासी तरुण बरेच आहेत आणि फीचा वाटा त्यांना जातो. करिक्कैयूर ते पोरिवरै ही त्यातली एक वाट आहे. ओळखपत्र मूळ न्या. सकाळी लवकर सुरुवात असते, त्यामुळे कोटगिरीहून पहाटे गाडी ठरवावी लागते, बसवर विसंबू नका. वणव्याच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, या वाटा बंद ठेवतात.

चित्रांना हात लावू नका, पाणी मारू नका. पाणी मारल्यावर रंग क्षणभर उठून दिसतो म्हणून लोक बाटली ओततात, आणि त्याने क्षारांचा पांढरा थर चढत जातो. फ्लॅश बंद.

गवा आणि हत्ती या दोघांसाठीच वाटाड्या असतो. तो थांब म्हणाला की थांबायचं. भडक कपडे आणि अत्तर नको.

लाँगवूड शोला मात्र कोटगिरीपासून तीनेक किमीवर, सोपं आहे. ११६ हेक्टरचं जुनं शोला जंगल, २०२४ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. तेही वन खात्याच्या ताब्यात आहे, आत जाण्याआधी कोटगिरीच्या वन कार्यालयात विचारा. पावसाळ्यात जळवा. मोजे पँटीवर ओढा, तंबाखूचं पाणी किंवा मीठ जवळ ठेवा.

पाऊसपाणी

डिसेंबर ठरला आहे म्हणून बरे, पण इतरांसाठी लिहितो. आपल्याकडे पावसाळा एकच. निलगिरीत दोन, आणि ते वेगवेगळ्या बाजूंना पडतात.

जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस पश्चिमेकडून येतो. गुडलूर, पंदलूर, अवलांची झोडपून निघतात. ऑगस्ट २०१९ मध्ये अवलांचीला एका दिवसात ९०० मिमीहून जास्त पाऊस झाला. त्याच दिवसांत कोटगिरी बऱ्यापैकी कोरडे असते, कारण दोड्डबेट्टाची रांग (२६३७ मी.) मध्ये उभी आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत उलटे: ईशान्य मोसमी पाऊस बंगालच्या उपसागराकडून येतो आणि कुन्नूर, कोटगिरी, मेट्टुपाळयमचा घाट भिजतो. दरडी तेव्हाच पडतात.

म्हणजे जुलैत जायचे तर मार्ग कोटगिरीभोवती आखा, नोव्हेंबरात गुडलूर-मसिनगुडीभोवती. सगळा मार्ग सलग करायचा तर डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीची सुरुवात.

डिसेंबर-जानेवारीत ऊटीजवळ तलैकुंदा भागात पहाटे गवतावर दहिवर गोठते, पारा शून्याच्या आसपास जातो. दुपारी मात्र ऊन कडक. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या. कोटगिरी त्या मानाने उबदार, मसिनगुडी तर दुपारी पुण्यासारखे. ऊटीत स्वस्त हॉटेलांत खोली गरम ठेवायची सोय नसते, रजई किती मिळणार ते आधी विचारा.

रूळपाहणी

पाचव्या दिवसाच्या रस्त्यावर कुणीच बोलले नाही. ऊटीहून मसिनगुडीला जवळची वाट म्हणजे कल्लट्टी घाट, ३६ वळणे. नकाशा तीच दाखवतो आणि चालक तिकडेच वळतो. पण बाहेरच्या गाड्यांना तो घाट उतरायला बंदी आहे. तलैकुंदा चौकीवरून परत पाठवतात.

कडेकपारी

बरोबर. कारणही सांगून ठेवतो, म्हणजे चालकाशी वाद घालता येईल: उतार तीव्र, वळणं एकापाठोपाठ, आणि सवय नसलेला माणूस पूर्ण वेळ ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. ब्रेक तापून निकामी होतात. तिथे जीव गेलेत. चढताना सोडतात, म्हणजे मार्ग उलटा केला तर हा घाट मिळतो. एरवी ऊटी – पायकारा – गुडलूर (५० किमी) – तेप्पकाडू – मसिनगुडी असंच जा. लांब पडतं, पण गुडलूरच्या बाजूचा चहा आणि सूचिमलैचा देखावा याच वाटेवर आहे.

मैसूरकडे जाताना बंदीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद. दुपारनंतर उशिरा निघू नका. जंगलात गाडी थांबवायची नाही, उतरायचं नाही, माकडांना खायला टाकायचं नाही. कॅमेरे आहेत आणि दंड घरपोच येतो.

मसिनगुडीत 'नाइट सफारी' विकणारे जीपवाले भेटतील. पूर्ण बेकायदा. सफारी वन खात्याची, तेप्पकाडूहून, सकाळ-संध्याकाळ. मुक्काम निवडतानाही सावध राहा: हा सीगूर पठाराचा हत्तींचा जाण्या-येण्याचा पट्टा आहे, त्यातली बरीच रिसॉर्टं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्यात बंद झाली. परवाना विचारा. उत्तर टाळलं तर गुडलूरला राहा.

तेप्पकाडूची हत्तींची छावणी मुलांसाठी चांगली. तिथले माहूत आणि कावडी (माहुतांचे मदतनीस) बहुतांश कुरुंबा, काट्टुनायकन आणि इरुळा. सकाळी-संध्याकाळी हत्तींना नाचणी-तांदळाचे गोळे भरवतात, ती वेळ गाठा.

घाटमाथा

कल्लट्टीचं मूळ लेखात हवं होतं, मान्य. आणि एक दुरुस्ती सगळ्यांसाठी, कारण वाहनचालक हमखास चुकीचं सांगतात: बडगा म्हणजे आदिवासी नव्हेत. निलगिरीतला हा सगळ्यात मोठा स्थानिक समाज, शेती आणि चहा त्यांचा. अनुसूचित जमातीत घ्यावं ही त्यांची जुनी मागणी आहे, पण यादीत ते नाहीत. त्यांच्या गावांना हट्टी म्हणतात, एका ओळीतली रंगीत घरं. 'ट्रायबल व्हिलेज' म्हणून हट्टी दाखवून पैसे घेणारे भेटतील.

चौथ्या दिवसाचं संग्रहालय: मुत्तोरै पालडा, ऊटीपासून १० किमी. राज्य सरकारचं आदिवासी संशोधन केंद्र. आवारात वेगवेगळ्या जमातींच्या घरांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती, आत हत्यारं, भांडी, दागिने, वाद्यं. सरकारी कार्यालय आहे, त्यामुळे कामाच्या दिवशी आणि जेवणाची वेळ टाळून जा. शनिवार-रविवार तिथे आखू नका. खरं तर हे पहिल्या दिवशी बघितलं तर बाकी सगळं जास्त कळतं, पण रस्ता तसा जुळत नाही. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी तरी कोडनाड गाळून हे ठेवावं.

कडेकपारी

कोडनाड गाळू नका हो. कोटगिरीपासून १८ किमी, बस जाते. कड्यावरून खाली मोयार नदीचं खोरं दिसतं, आणि काठावर तेंगुमरहाडा हे गाव. पूर्व घाट आणि पश्चिम घाट कुठे भेटतात हे नकाशाशिवाय कळण्याची ती जागा. फक्त सकाळी दहाच्या आत पोहोचा, नंतर धुकं भरतं. तेंगुमरहाड्याला जायचा मोह झाला तर: वन खात्याच्या परवानगीशिवाय सोडत नाहीत.

नकोशीघाई

सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघेदुखी. यातलं काय जमेल? आणि शाकाहारी जेवणाचं?

सुईदोरा

करिक्कैयूर सोडा. वनस्पती उद्यानातला मंडही सोडा, चढ आहे. मुत्तोरै पालडा, कोडनाड, तेप्पकाडूची छावणी, कोटगिरीचं दुकान हे सगळं गाडी जवळ नेऊन होतं. छोट्या गाडीत आसनं अरुंद आणि डब्याची पायरी उंच, कुन्नूर-ऊटी एवढाच तुकडा करा. घाटात मळमळत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास, वळणं सुरू झाल्यावर नाही. पुढच्या सीटवर बसवा.

जेवणाची चिंता नको, शाकाहारी खाणावळी सगळीकडे आहेत. आंध्राएवढं तिखट नसतं. रात्रीचं जेवण मात्र लवकर उरका, कोटगिरीत नऊनंतर दुकानं मिटतात. चहाबरोबर वर्की मागा, पापुद्र्यांचं खुसखुशीत बिस्किट, २०२३ मध्ये त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालंय. ताजी त्याच दिवशीची घ्या, घरी न्यायची तर हवाबंद डब्यात, प्रवासात चुरा होतोच.

चाकोरीबाहेर

परत येताना मैसूरहून थेट मुंबई गाडी आहे का?

रूळपाहणी

दादरची शरावती एक्स्प्रेस आहे, पण रोज नाही. वार जुळत नसेल तर मैसूर-बेंगळुरू कोणत्याही गाडीने, आणि तिथून उद्यान एक्स्प्रेस, ती रोजची आहे. मसिनगुडीहून मैसूर ९०-९५ किमी, तीन तास धरा आणि नाक्यावरची रांग वेगळी. मैसूरला एक रात्र ठेवलीत तर धावपळ होणार नाही.